घरटी एक माणूस जास्त

करवंडखेड, १० जानेवारी १९३८

अक्का,

हे पत्र तुला खैरुन्निसाचाची देईल. ती इथली बांगडीवाली. माहेर देऊळघाटचं, म्हणून महिन्यातून एकदा तिकडे येते. टपालानं पाठवलं असतं तर आधी तुझ्या सासूबाईंच्या हाती पडलं असतं. तू माझ्याशी बोलू नकोस, पण हे घे.

मी तुझ्यापासून बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर आहे. धाडच्या पुढे डोंगराच्या अंगाला हे गाव. का आले ते सांगते. बी.ए. झाले हे तुला कळलं असेल. बाबांनी पेढे वाटले, पण क्लास कोणाला सांगितला नाही. थर्ड क्लास, अक्का. इंग्रजी आणि संस्कृतानं मला खाली ओढलं. अर्थशास्त्राच्या पेपरांत मात्र कॉलेजात माझ्या वर कोणी नव्हतं. मुंबईला एम.ए.साठी अर्ज केला. तिथले प्रोफेसर लिहितात, तिसऱ्या वर्गाला आम्ही सहसा घेत नाही, पण या एका विषयात तुमची गती दिसते. तुमच्या भागातलं एक खेडं घ्या. तिथली माणसं, धान्य, खाणंपिणं स्वतः पाहून पाहणी लिहा. ती तपासात टिकली तर तुमचा अर्ज मी स्वतः समितीपुढे ठेवीन.

म्हणून इथं. बाबांनी उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली आहे. प्रवेश मिळाला तर मुंबई, नाही तर ते म्हणतील ते घर. मी एकदा नाही म्हणून बसले आहे, तुझ्या दिरालाच, त्यामुळे पुन्हा नाही म्हणायची सोय नाही. तो राग तुझ्या घरानं कोणावर काढला हे मी विचारत नाही. तुझ्या ताटाबद्दल बुलढाण्यात बायका बोलतात ते खरं नसावं, एवढंच मनात म्हणते.

मी वच्छलाबाईंच्या घरी उतरले आहे. नवरा उकंडराव, मुलगा मोतीराम, सून सरस्वती. पाहणीची सुरुवात याच घरापासून केली.

"घरात माणसं किती?"

"पाच," वच्छलाबाई म्हणाल्या.

"मला चारच दिसतात."

"सखू बी हाय ना."

"कुठे आहे?"

"असन अठीच कोठी तरी." आणि त्या पीठ चाळायला लागल्या.

उकंडराव ओट्यावरून म्हणाले, "लिवा बाई, पाच लिवा. आमचा बैल त अजून धरलाच नाई तुमी. थो रुसन."

सगळे हसले. मी पाच लिहिले.

रुखमा


करवंडखेड, १२ फेब्रुवारी

अक्का,

चाची म्हणाली, तू पत्र घेतलंस, पदराआड केलंस, बांगड्या भरल्यास आणि एक शब्द न बोलता हात आत घेतलास. "हात बहुत सुकले बेटी तिचे," असंही म्हणाली. मी पुढे विचारलं नाही.

सखूला मी अजून पाहिलेलं नाही. आणि नुसती सखू नाही. ज्या ज्या घरी गेले त्या प्रत्येक घरात असा एक माणूस आहे. कुणाकडे भिमी, कुणाकडे ठकू, कुणाकडे म्हातारा गणू. तो आत्ताच शेतात गेलेला असतो, नाहीतर नदीवर. मला वाटलं, हे लोक काहीतरी लपवताहेत. शेवटी चाचीला विचारलं.

"लपवतात कायचं? वाढवून सांगतात," ती म्हणाली. "ज्वारी मोजतात ते पायलं नाई कधी? पयल्या मापाले एक कोणी म्हणते काय? तुमच्यातले लाभ म्हणतात, आमच्यातले बरकत. मंग दोन, तीन. जे खरं तेवढंच मोजलं त तेवढंच राहते, वाढत नाई. माणसाचं बी तसंच."

वच्छलाबाईंनी उरलेलं सांगितलं. मानमोडीच्या तापाच्या साली एक मोजणीवाला आला होता. भला माणूस होता. त्यानं घरोघरी डोकी मोजली आणि जितकी होती तितकी लिहून नेली. "मंग ताप आला. जे लिवले होते त्यातलेच घर पाहू पाहू नेले त्यानं. माहे दोन गेले, बाई. तवापासून आमी खरं सांगत नाई. एक जास्तीचा सांगतो. न्यायचा त त्याले ने."

मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. सगळ्या जास्तीच्या माणसांवर रेघ मारली. आता गावाची खरी संख्या माझ्याकडे आहे, असं वाटलं.

एकच गोष्ट राहते. इथं दुपारी सगळे जेवले की वच्छलाबाई एका पितळीत भाकर, चुलीवरचं बेसन आणि कांदा वाढून ओसरीवर जात्यापाशी ठेवतात. सखूचं. मला वाटलं, कुत्रं खात असेल. परवा मी ओसरीच्या दारातच पुस्तक घेऊन बसले. टळटळीत ऊन, गावात पान हलत नव्हतं. वच्छलाबाई आत आडव्या झाल्या होत्या, बाकीचे शेतात. कोणी आलं नाही, अक्का, मी शपथेवर सांगते. पुस्तकाचं पान उलटायला खाली पाहिलं असेन, तेवढंच.

पितळी धुतलेली होती. जात्याच्या कडेला पालथी घातलेली. खालची जमीन ओली होती.

कुत्रं पितळी धूत नाही.

रुखमा


करवंडखेड, १५ मार्च

अक्का,

माझा पहिला मसुदा प्रोफेसरांना पोचला. त्यांचं उत्तर आलं. आधी चांगलं सांगते. ते म्हणतात, तुमची नजर चांगली आहे, भाषा स्वच्छ आहे. पण माणशी ज्वारी तुम्ही जितकी दाखवली आहे तितकी या प्रांतात कोणी खात नाही. एकतर तुम्ही माणसं कमी मोजलीत, नाहीतर धान्य जास्त. पुन्हा पाहा.

मी पुन्हा पाहिलं. वच्छलाबाईंच्या घरी आठवडाभर दळणाआधी ज्वारी स्वतः मापली, माझ्या पाहुणीच्या भाकरी वगळून. चौघांची मापली तर प्रत्येकाच्या पोटात मावणार नाही इतकी जाते. पाचांत वाटली तर बरोबर बसते. मग दुसऱ्या घरी गेले, तिसऱ्या घरी गेले. जास्तीचा माणूस धरला की हिशेब जुळतो, काढला की तुटतो. एकाही घरी चुकलं नाही. मी सगळे आकडे पुन्हा पहिल्यापासून मिळवले, तेच आले.

तू म्हणशील, मग तो माणूस लिहून टाक. कसा लिहू? प्रोफेसरांचे सहायक पाडव्याच्या सुमारास येताहेत. मी राहते ते घर ते स्वतः तपासणार, डोकी मोजणार, रोजची ज्वारी मापणार. त्यांचं मोजमाप माझ्याशी जुळलं तरच समिती. सखू मी कुठून दाखवू?

म्हणून मी पाटलांकडे गेले. पुंजाजी पाटील, मोठा माणूस, सहायक त्यांच्याकडेच उतरणार. म्हटलं, गावाला एवढंच सांगा, एकदा, एका दिवसापुरतं, खरी डोकी सांगा.

पाटील पानाला चुना लावत होते. "बाई, तुमी शिकल्या, चांगली गोष्ट हाय. पण तुमच्या शाळंपायी माह्या घरचं माणूस काऊन जाव?"

"असं काही होत नाही, पाटील."

"होत नाई त मंग तुमीच तुमच्या घरची मोजून सांगा बरं. आई, बाप, बहीण. सांगा, खरी."

मी बोटांवर मोजायला घेतलं, आणि तुझ्या नावाशी आले तशी उठून निघाले.

घरी आले तर वच्छलाबाईंना सगळं कळलेलं होतं. गावात गोष्ट माझ्यापेक्षा जोरात चालते. त्या म्हणाल्या, "तुह्या शिक्षणाचं काम हाय ना, माय? मंग मी सांगतो चार. माह्या घरचं मी सांगतो. दुसऱ्याच्या घरचं मले माहीत नाई." आत सरस्वतीनं हातातली कळशी दाणकन खाली ठेवली. ती माझ्याशी बोलत नाही त्या दिवसापासून.

चाचीनं सांगितलं, या वेळी पत्र घेताना तू तिच्याकडे पाहिलंस. एवढ्यानंही मला बरं वाटलं.

रुखमा


करवंडखेड, ६ एप्रिल

अक्का,

झालं. सहायक पाडव्याच्या आदल्या दिवशी आले आणि काल गेले. तरुण आहेत, चष्मा आहे, खेड्यातली धूळ त्यांना सोसत नाही, पण काम चोख. ओसरीवर बसले, वही काढली आणि विचारलं, "आपल्या कुटुंबात माणसं किती?"

वच्छलाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. उकंडराव बैलाकडे पाहायला उठून गेले.

"चार," त्या म्हणाल्या.

त्या दुपारपासून जात्यापाशी पितळी ठेवली गेली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "आता कोणासाठी ठिवू? सांगतलं ना चार." सहायकांनी माझ्या भाकरी वगळून ज्वारी मापली. चौघांचीच निघाली, रास्त, पुस्तकात असते तशी. ते मला म्हणाले, तुमचं आधीचं माप नवशिक्याचं होतं, घाबरू नका, बाकी पाहणी फार उत्तम आहे. मी अहवाल तसाच देतो. समिती नाही म्हणेल असं मला वाटत नाही.

अक्का, मी जवळजवळ मुंबईत आहे. थर्ड क्लास पुसून निघेल असं पहिल्यांदा वाटतं आहे. मला आनंद व्हायला हवा.

निघताना त्यांनी चपला घातल्या आणि ओसरीच्या कोपऱ्याकडे पाहून म्हणाले, "तुमच्या भगिनी आल्यात वाटतं? चेहरा अगदी तुमचाच. मघापासून जात्याजवळ बसल्या आहेत, जेवायच्या राहिल्या असाव्यात."

मी पाहिलं. जातं होतं. जात्यावर ऊन होतं.

"शेजारच्या असतील," मी म्हटलं.

त्यांच्या पिशवीत माझी पाहणी होती. मी दुसरं काय म्हणणार होते?

चाची उद्या निघते. हे पत्र तिच्या पेटीत तळाशी ठेवते आहे. या वेळी तिला सांगितलं आहे, नुसत्या बांगड्या भरून येऊ नकोस. समोर बैस आणि जेवलात का म्हणून विचार.

रुखमा


करवंडखेड, २४ एप्रिल

अक्का,

तू बोललीस. चाचीनं मला शब्दन् शब्द सांगितलं. तुझंच बोलणं तुला परत सांगायला संकोच वाटतो, पण तू काय सांगितलंस हे तुलाही नीट माहीत नसेल.

तिनं विचारलं, जेवल्या का बाई? तू हसलीस. मग म्हणालीस, दुपारचं मला वाढत नाहीत, दीड वर्ष झालं, त्याची सवय झाली. पण संक्रांतीपासून दुपारची भूकच लागत नव्हती. कोठीत निवडण करता करता डोळा लागायचा आणि कुठल्याशा ओसरीवर, जात्यापाशी, कोणी वाढून ठेवलेली भाकर तू खायचीस. "स्वप्नातही पितळी धुवून पालथी घालते, चाची, इतकी मी वळणाची," असं म्हणून पुन्हा हसलीस म्हणे. आणि पाडव्यापासून? पाडव्यापासून ओसरी दिसते, जातं दिसतं, पितळी नसते. तू नुसती बसून असतेस. एक चष्मेवाला तुझ्याकडे पाहत होता.

एखादा म्हणेल, तू माझी पत्रं वाचून हे स्वप्न पाहिलंस. पण पितळी बंद झाल्याचं आणि त्या चष्म्याचं पत्र तेव्हा चाचीच्या पेटीत तळाशी होतं. तिनं ते तुला हे सगळं ऐकल्यावर दिलं.

दीड वर्ष, अक्का. मी तेव्हा कॉलेजात माणसाची भूक कशी मोजतात ते शिकत होते.

मी धावत वच्छलाबाईंकडे गेले. त्यांनी काही न विचारता पितळी भरली आणि ठेवली. आम्ही दोघी वाट पाहत बसलो. संध्याकाळी भाकर तशीच, कडा वाळून वर आलेल्या, मुंग्या लागलेल्या.

"आकडा चारचा पडला ना, माय," त्या म्हणाल्या. "ज्यानं तिले मोजलंच नाई त्याच्या दारी थे खायाले कशी येईन? ज्यानं आकडा पाडला त्यानंच उचलला पायजे."

"आकडा तर सहायकांनी लिहिला."

"कोणाच्या कामासाठी लिवला?"

मी त्याच दुपारी प्रोफेसरांना लिहिलं. वच्छलाबाईंच्या घरी माणसं पाच आहेत. पहिल्या मसुद्यातलं माझं ज्वारीचं माप बरोबर होतं. तपासणीच्या वेळी चार सांगण्यात आले ते माझ्या विनंतीवरून. इतर घरांवर मी मारलेल्या रेघाही चूक आहेत. प्रत्येक घरी एक माणूस वाढवावा.

उकंडराव स्वतः धाडला जाऊन ते टपालात टाकून आले. "पोष्टमास्तर पुसे, तार आहे काय इतक्या घाईची? म्या म्हटलं, नाई, भाकर हाय."

दुसऱ्या दुपारी पितळी धुतलेली सापडली. सरस्वतीनं ती उचलून पुसली आणि मला म्हणाली, "आली वो तुमची बहीण." इतक्या दिवसांनी ती माझ्याशी हेच पहिलं बोलली.

तू जेवलीस ना?

रुखमा


करवंडखेड, २० मे

अक्का,

प्रोफेसरांचं उत्तर आलं. ते रागावलेले नाहीत, त्याचाच मला त्रास होतो. म्हणतात, तपासणीनंतर आकडे बदलणारी पाहणी समितीपुढे ठेवणं मला कठीण आहे. तुमचा वर्ग पाहता समिती आधीच साशंक आहे. तरीही एक संधी देतो. ती पाचवी व्यक्ती खरोखर असेल तर माझे सहायक जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा येतील. त्यांना ती समक्ष दाखवा. दिसली, तर पाहणी टिकली असं मी धरीन आणि तुमचा प्रवेश माझ्याकडे लागला.

मी हे पत्र वच्छलाबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मंग जा अन् घेऊन ये तिले. अठी राह्यली त कोणाले जड होते? तशीबी रोज जेवूनच त राह्यली."

तर परवा पहाटे आम्ही निघतो. उकंडरावांची गाडी, मी आणि चाची. दिवस मावळायच्या आधी देऊळघाटला पोचू. हे पत्र चाची आधी तुझ्या हातात बांगड्या भरताना देईल, ते आत जाऊन वाच. तुझ्या सासूबाईंची परवानगी मी मागणार नाही. चाची पुढच्या दारी बांगड्या मांडून बसेल, आणि ती बसली की अर्धा तास घरातल्या बायका तिथून हलत नाहीत, हे तुला माहीत आहे. तू मागच्या दारानं ये. दागिने ठेवून ये, नाहीतर त्यांना बोलायला जागा होईल. चपला मात्र घाल, वाट तापलेली असते. बाबांना मी कळवलेलं नाही. कळल्यावर ते जे बोलायचं ते मला बोलतील. माझी तयारी आहे.

हे पत्र तुला प्रवेशासाठी बोलावतं आहे असं वाटू देऊ नकोस. मला ती भीती होती म्हणून रात्रभर हे पत्र लिहिलं नाही. सकाळी जात्याशी बसून स्वतःला विचारलं, सहायक आलेच नसते तरी गेले असते का? गेले असते. उशिरा गेले असते, पण गेले असते.

आता एक सांगायचं राहिलं. तू आलीस की या घरात पाच माणसं खरोखरची होतील. सहायक येतील, तुला पाहतील, चष्मा पुसून पुन्हा पाहतील आणि पाच लिहायला वही उघडतील. मी मुंबईला जाईन.

पण आत्ता, हे लिहिता लिहिता, वच्छलाबाईंनी चुलीपाशी सहावी पितळी काढून ठेवली. मी पाहिलं तर म्हणाल्या, "बहीण येऊन राह्यली ना तुही? मंग आपण आता सहा सांगू."

म्हणजे कोणीतरी आहे. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी कोठीत, दुपारची न वाढलेली एक बाई, जिचं नावही आपल्याला ठाऊक नाही. आपण पाच म्हटलं तर ती या ओसरीवर येऊन नुसतीच बसून राहील, तू बसलीस तशी. मला तो चष्मेवाला पुन्हा तिच्याबद्दल विचारताना ऐकायचा नाही. पुन्हा शेजारची असेल म्हणायचं नाही.

प्रोफेसरांना पत्र लिहून ठेवलं आहे. उकंडराव जाता जाता धाडला टाकतील. त्यात मी लिहिलं आहे, पाचवी व्यक्ती माझी बहीण, ती समक्ष दिसेल. आणि घरात माणसं सहा आहेत.

रुखमा